जाड पोलादी प्लेट प्लाझ्माने कापताना घ्यावयाची दक्षता

इचलकरंजीच्या परिसरात पंचगंगेच्या काठी ऊस पिकतो. त्याची वाहतूक करणाऱ्या ट्रॉल्यांचे व नांगरांचे जाड पोलादी भाग दुरुस्तीसाठी कापावे लागतात. प्लाझ्मा यंत्रात दाबाखालील हवा विजेच्या आर्कने तापून तिचा अतितप्त झोत बनतो. तो पोलाद वितळवितो व वितळलेला भाग खाली उडवून देतो.

जाड प्लेटच्या मध्यभागी भोक पाडून सुरुवात करू नये. उलट उडालेल्या पोलादाने नोझल खराब होते. काप कडेपासून सुरू करावा. झोत तळातून बाहेर पडल्यावरच टॉर्च पुढे न्यावी. ठिणग्या वर उडू लागल्यास वेग कमी करावा. अर्थचा चिमटा गंज खरवडलेल्या जागी घट्ट लावावा. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतील पाणी रोज काढावे. ओलसर हवेने नोझल लवकर झिजते. नोझल बदलण्यापूर्वी वीज बंद करावी. यंत्राच्या क्षमतेपलीकडील जाडीच्या साध्या पोलादास गॅस-कटिंगच योग्य.

डिझेलचे रिकामे पिंप मात्र कधीही कापू नये. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होऊन प्राणहानी होते. गडद काचेचा मुखवटा व चामडी हातमोजे वापरावेत. पाचट व कडब्यापासून दूर काम करावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती शेतकरी बंधूंस व कारागिरांस समजावून द्यावी.