शेवटचा टाका



तोरणमाळची थंडी बोचरी. वसतिगृहातल्या एका अबोल मुलीसाठी मी नाताळापूर्वी पट्ट्यांचा स्कार्फ क्रोशाने विणायला घेतला. ३० साखळ्या घातल्या, पहिला खांब चौथ्या साखळीत. असे ओळीला २८ खांब. दर दोन ओळींनी रंग बदलला, की लोकर तोडावी लागत नाही, कडेने वर नेता येते.

वीतभर विणल्यावर स्कार्फ निमुळता दिसला. मोजले तर २१! वळताना घातलेल्या ३ साखळ्या म्हणजेही एक खांब. त्यावरचा शेवटचा टाका अधूनमधून सुटत होता. सारे उसवले.

भेटीला जाते तेव्हा कडेला बसलेले मूल माझ्याकडून असेच सुटते. म्हणून आता प्रत्येक ओळ शेवटपर्यंत मोजते. आपणही मोजाल ना?