निवळ पाणी आणि शुद्ध पाणी

ओढ्याचें गढूळ पाणी, समुद्राचें खारें पाणी आणि विहिरीचें निवळशंख पाणी शेजारीं शेजारीं ठेविलें, तर विहिरीचें तेवढें शुद्ध, असें कोणीहि म्हणेल. रसायनशास्त्र मात्र तिहींसहि मिश्रणच म्हणतें. ज्यांत एकाच जातीचें द्रव्य आहे तो शुद्ध पदार्थ. ज्यांत अनेक द्रव्यें आपापले गुण राखून एकत्र नांदतात तें मिश्रण. मिश्रण म्हणजे वाईट, असें मात्र नव्हे. विहिरीच्या पाण्याची गोडी त्यांतील क्षारांचीच असते.

गढूळ पाण्यांतील मातीचे कण विरघळलेले नसतात. भांडें स्थिर ठेविलें कीं ते हळूहळू तळाशीं बसतात, तुरटी फिरविल्यास लवकर बसतात, आणि त्यांतले मोठे कण फडक्यांतहि अडकतात. नारूचें बीज वाहणारा बारीक पाणकिडाहि दुपदरी फडक्यांतून पलीकडे जात नाहीं. पाणी गाळून पिण्याची संवय गांवोगांवीं लागली व पायविहिरी सुधारल्या, तेव्हां तो रोग हटला. १९९६ नंतर भारतांत नारूचा रोगी आढळला नाहीं, आणि २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें देश नारूमुक्त ठरविला.

मिठाची गोष्ट निराळी. तांब्याभर पाण्यांत चिमूटभर मीठ विरघळवा. तें दिसेनासें होतें, फडक्यांतून खुशाल जातें, वर्षभर ठेविलें तरी तळाशीं बसत नाहीं, आणि पहिला घोट व शेवटचा घोट सारखाच खारट लागतो. यास द्रावण म्हणतात. येथें दोन द्रव्यांच्या गुणधर्मांतील दुसरा एखादा भेद शोधावा लागतो. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतें; मीठ नुसतें वितळावयासच सुमारें ८०० अंश लागतात. म्हणून पाणी वाफ होऊन जातें आणि मीठ मागें राहतें. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात; मिठागरांत ऊन व वारा पाणी नेतात आणि वाफ्यांत मीठ उरतें.

आतां यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील कांहीं विहिरी घ्या. त्यांच्या पाण्यांत फ्लोराइड विरघळलेलें आहे. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. लिटरमागें १.५ मिलिग्रॅमहून अधिक प्रमाण वर्षानुवर्षें पोटांत गेलें, तर मुलांच्या दातांवर डाग पडतात. प्रमाण फारच वाढलें, तर पुढें हाडें व सांधे ताठरतात. घरची आई काळजीनें पाणी उकळून देते. उकळल्यानें रोगजंतु मरतात हें खरें. परंतु फ्लोराइड मिठाप्रमाणें मागेंच राहतें, आणि पाणी आटल्यानें त्याचें प्रमाण उलट वाढतें!

अशा गांवीं प्रथम पाण्याचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा. फ्लोराइड अधिक निघाल्यास पिण्यापुरतें दुसऱ्या विहिरीचें किंवा सांठविलेलें पावसाचें पाणी घ्यावें. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें तयार केलेली नळगोंडा नांवाची रीतहि आहे. तींत चुना व तुरटी घालून पाणी ढवळतात, आणि बसणाऱ्या गाळाबरोबर पुष्कळसें फ्लोराइड खालीं जातें. मात्र चुना व तुरटी यांचें माप पाण्याच्या तपासणीवरून ठरतें. तें अंदाजानें टाकूं नये.