अस्थिमज्जा रोपणानंतर मुखाची तपासणी

निपाणी व आसपासच्या गावांचा संसार तंबाखूवर उभा राहिला. तंबाखूस रास्त भाव मिळावा म्हणून १९८१ साली येथील शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्गावर ठिय्या दिला होता, हे जुन्या मंडळींना स्मरत असेल. अशा भागात तंबाखू व मशेरी यांमुळे तोंडाचा कर्करोग होतो, हे नव्याने सांगावयास नको. परंतु तंबाखूला कधी स्पर्शही न केलेल्या काही रुग्णांना हा धोका असतो, याची माहिती फारच थोड्यांना आहे.

रक्ताच्या कर्करोगासारख्या विकारांत दुसऱ्या व्यक्तीच्या, बहुधा सख्ख्या भावंडाच्या, अस्थिमज्जेचे रोपण करतात. भारतात हा उपचार मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली प्रथम झाला. रोपणाने रोगी वाचतो. पण दात्याच्या रक्तातील संरक्षक पेशी कधी कधी रोग्याच्याच शरीराला परके समजून त्यावर हल्ला करतात. हा विकार दीर्घकाळ रेंगाळला की त्वचा, डोळे, यकृत यांप्रमाणे तोंडालाही पीडा होते. लाळ आटते, तिखट सोसत नाही, गालांच्या आतून जाळीसारख्या पांढऱ्या रेघा उमटतात, व्रण पडतात.

वर्षानुवर्षे चाललेला हा दाह आणि प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे यांमुळे अशा रोग्यांत तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण इतरांहून पुष्कळ अधिक आढळते. तो रोपणानंतर पाच-दहा वर्षांनी, किंबहुना त्याहूनही उशिरा उद्भवू शकतो. तोपर्यंत मुंबईच्या फेऱ्या कमी झालेल्या असतात, घरची मंडळी निर्धास्त असतात. नवा व्रण दिसला तरी 'नेहमीचेच तोंड आले आहे' म्हणून तो अंगावर काढला जातो. खरी फसगत होते ती येथेच. कारण जुना पांढरा चट्टा आणि कर्करोगाची सुरुवात यांतील भेद नुसत्या डोळ्यांनी जाणत्या डॉक्टरांनाही नेहमी ओळखता येत नाही.

म्हणून अशा रोग्याने जन्मभर, निदान सहा महिन्यांनी एकदा, तोंड तपासून घ्यावे. घरीही उजेडात आरशासमोर जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग व गाल पाहावेत. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, गाठ, कडक झालेली जागा किंवा रक्तस्राव दिसल्यास थांबू नये. तंबाखू, मशेरी, सुपारी, विडी व मद्य पूर्ण वर्ज्य. दुखऱ्या हिरडीला मशेरीने आराम पडतो असे आपल्याकडील वडीलधाऱ्या स्त्रिया मायेने सुचवतात. या रोग्याच्या बाबतीत ती माया घातक ठरेल.

तपासणीसाठी बेळगाव किंवा कोल्हापूर येथे जाताना रोपणाचे कागद सोबत न्यावेत, आणि रोपण झाल्याचे दंतवैद्यास आपणहून सांगावे. व्रणाचा लहानसा तुकडा काढून तपासावयाचा ठरल्यास 'शस्त्र लागले की कर्करोग पसरतो' या समजुतीपायी नकार देऊ नये. निदानाचा तोच खात्रीचा मार्ग आहे.