इजिप्तला जायचे तर

हिंगण्याहून इजिप्त फार दूर. पण हौस असली, गाठीला पैसा असला, तर जाता येते. आम्ही म्हणतो, वैशाखात जाऊ नका. ऊन तिथेही आपल्यासारखेच तापते. कापसाचा वेचा संपला की माघात निघा. तिथे नाईल नदीच्या पाण्यावर कापूस पिकतो. त्याचा धागा लांब! गिझाचे पिरॅमिड म्हणजे राजांची दगडी थडगी, साडेचार हजार वर्षांपूर्वीची.

आधी पासपोर्ट काढा. नागपूरला अर्ज करता येतो. व्हिसा वेगळा. इजिप्तला पोचाल त्या दिवसापासून पासपोर्टची मुदत निदान 6 महिने उरलेली हवी. दलाल म्हणेल, "भाऊ, सारे ठीक आहे." नुसती मान डोलवू नका. अंक इंग्रजी असतात. ते दहाच, शिकून घ्या. पहिला दिवस, मग महिना, शेवटी साल. बोट ठेवून तारीख वाचा, मगच तिकिटाचे पैसे मोजा.