दोन्हीकडून सारखी संख्या

मुलांनो, उर्दूचे पुस्तक तुम्ही उजवीकडून डावीकडे वाचता आणि हे मराठीचे पुस्तक डावीकडून उजवीकडे. संख्या मात्र दोन्ही भाषांत डावीकडूनच लिहितात. आता ही संख्या पाहा :

१२३४५६७८९८७६५४३२१

कोणत्याही बाजूने वाचा, ती तशीच राहते. तिच्यात सतरा अंक आहेत. लाख, कोटी, अब्ज ही नावे तिला पुरत नाहीत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) सतराव्या स्थानाला 'मध्य' आणि अठराव्याला 'परार्ध' म्हटले आहे. म्हणजे आपली संख्या परार्धाच्या उंबरठ्यावर उभी आहे!

ती येते कोठून? नऊ एक ओळीने लिहा : १११११११११. या संख्येला तिनेच गुणा. खरे वाटत नाही? आधी लहान गुणाकार करू. १११ ला १११ ने गुणताना तीन ओळी येतात. प्रत्येक ओळीत १११ च असतात, पण प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते.

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटच्या थप्प्या लागतात. समजा, तीन-तीन क्रेटच्या तीन ओळी एकीवर एक ठेवल्या आणि प्रत्येक ओळ एक क्रेट डावीकडे सरकवली. (खरी थप्पी अशी रचू नका, कोसळेल! आपण कागदावरच रचू.) आता उभे रकाने मोजा : एक, दोन, तीन, दोन, एक. म्हणून उत्तर १२३२१.

नऊ ओळी रचल्या की मधल्या रकान्यात नऊ येतात. हातचा कोठेच घ्यावा लागत नाही. म्हणूनच आपल्या संख्येतील अंकांची बेरीज ८१ होते. नऊ ओळींत नऊ-नऊ, एवढेच तर एक आपण मांडले होते!

अशा संख्यांचा छंद याच नाशिक जिल्ह्यातील एका शिक्षकांना होता. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६). ते १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शिकवत होते. त्यांची पदवी बी.एस्सी.ची, त्यापुढची नाही. काही विद्वानांना त्यांचे काम पोरखेळ वाटे. ते हसत, कापरेकर गुरुजी मात्र आकडे मांडत राहिले. या संख्यांचा विचार त्यांना डोंबिवली स्टेशनवर सुचला. त्या स्टेशनचे जुने नाव 'डेम्लो', म्हणून या झाल्या 'डेम्लो संख्या'. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने गुरुजींच्या कामावर लिहिले, तेव्हा ते जगभर पोहोचले. तोवर गुरुजींनी सत्तरी गाठली होती.

आता नऊऐवजी दहा एक घेतले तर? मधल्या रकान्यात दहा जमतात. शून्य लिहून एक हातचा घ्यावा लागतो. डावीकडच्या रकान्यातील नऊचे मग दहा होतात. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्यापुढच्या आठाचे नऊ होतात आणि हातचा थांबतो. उत्तर येते :

१२३४५६७९००९८७६५४३२१

उजवी बाजू शाबूत राहिली, डावी बिघडली. एका हातच्याने एवढे केले! अकरा एकांचा गुणाकार तुम्ही वहीत करा. साधा कॅल्क्युलेटर येथे उपयोगाचा नाही. इतके अंक त्याच्या पडद्यावर मावतच नाहीत.