दोन गुणांची पारख

प्रतिवर्षीं परीक्षेचा निकाल लागला म्हणजे कांहीं पालक आम्हांस भेटावयास येतात, व त्यांपैकीं पुष्कळांचा प्रश्न एकच असतो : "मास्तर, मुलगा गणितांत बरा आहे आणि चित्रेंही चांगलीं काढतो, आतां ह्यांपैकीं कोणतें सोडावयास सांगूं?" प्रश्न रास्त आहे. घरांत पैसा बेताचा असतो, मुलाचा वेळही मोजकाच असतो, आणि दोन डगरींवर पाय ठेवूं नये ही शिकवण आपण सर्वांनींच लहानपणीं ऐकलेली आहे. ह्या प्रश्नाचा विचार करतांना आम्हांस एका परदेशी खेळापासून बराच बोध मिळाला. तो खेळ म्हणजे बेसबॉल होय. आमचे विद्यार्थी तो खेळत नाहींत. तथापि त्या खेळांत होतकरू मुलाची पारख कशी करतात, हें त्यांनीं व त्यांच्या पालकांनींही समजून घेण्याजोगें आहे.

प्रथम खेळाविषयीं थोडेसें सांगूं. क्रिकेटमधील गोलंदाजाच्या जागीं बेसबॉलमध्यें पिचर असतो. तो ६० फूट ६ इंच अंतरावरून चेंडू टप्पा न पाडतां फेकतो. चेंडू वेगवान असला म्हणजे समोरच्या फलंदाजास तो ओळखून दांडू फिरविण्यास अर्ध्या सेकंदाहूनही कमी अवधि मिळतो. फलंदाजानें चेंडू मैदानाच्या कुंपणापलीकडे पोंचविला म्हणजे त्यास होम रन म्हणतात. आतां क्रिकेटमध्यें एकाच खेळाडूनें दोन्ही कामें केलीं तर आपणांस नवल वाटत नाहीं. विनू मंकड ह्यांनीं १९५२ सालीं लॉर्ड्सच्या कसोटी सामन्यांत ७२ व १८४ धावा काढल्या, आणि इंग्लंडच्या पहिल्या डावांत ५ गडीही बाद केले. मग बेसबॉलमध्यें असा खेळाडू इतका विरळा कां ?

ह्याचें कारण त्या खेळाच्या वेळापत्रकांत आहे. अमेरिकेंतील वरिष्ठ संघ एका हंगामांत प्रत्येकीं १६२ सामने, म्हणजे जवळजवळ रोज एक, खेळतात. फलंदाज रोज मैदानावर असतो. पिचर मात्र एका सामन्यांत शंभराच्या आसपास चेंडू सर्व शक्ति एकवटून फेकतो, व पुढें चार-पांच दिवस त्याच्या हातास विसांवा द्यावा लागतो. एकाचें काम रोजचें, दुसऱ्याचें आठवड्याचें. हीं दोन पंचांगें एकाच शरीरांत बसविणें हीच खरी अडचण होय.

शंभर वर्षांपूर्वीं ह्या अडचणीचा निकाल एका थोर खेळाडूच्या बाबतींत कसा लागला, तें पाहण्यासारखें आहे. बेब रूथ हा बाल्टिमोर शहरांतील सेंट मेरीज् नांवाच्या उद्योगशाळेंत वाढला. ती शाळा झेवियरियन बंधूंनीं चालविलेली असे, आणि तेथेंच ब्रदर मथायस ह्यांच्या नजरेखालीं तो खेळ शिकला. १९१४ सालीं तो धंदेवाईक संघांत गेला. बोस्टनच्या संघाकडून पिचर ह्या नात्यानें त्यानें १९१६ मध्यें २३ व १९१७ मध्यें २४ विजय मिळविले. परंतु त्याची फलंदाजीही अशी कीं, १९१९ मध्यें त्यानें २९ होम रन मारले. पुढील हंगामापासून तो न्यूयॉर्कच्या संघांत गेला व पिचरचें काम त्यानें जवळजवळ सोडूनच दिलें. कृष्णवर्णीय खेळाडूंस वरिष्ठ संघांत मज्जाव होता, त्या काळांत त्यांच्या स्वतंत्र लीगमध्यें बुलेट रोगन व मार्टिन दिहिगो ह्यांनीं दोन्ही कामें उत्तम केलीं. पण त्यांच्या उदाहरणाकडे फार थोड्यांनीं लक्ष दिलें. "दोहोंपैकीं एक निवडा" हाच नियम होऊन बसला.

असे मुलगे हुडकून काढणें हा ज्यांचा व्यवसाय, त्यांस तिकडे स्काउट म्हणतात. आमच्या बालवीरांनीं गैरसमज करून घेऊं नये; हे स्काउट म्हणजे खेळाडूंचे पारखी. ते गांवोगांव फिरून शाळांचे सामने पाहतात. चेंडूचा वेग मोजण्याचें यंत्र व धांवण्याचा वेळ मोजण्याचें घड्याळ त्यांच्याजवळ असतें. फलंदाजाचे पांच गुण ते तपासतात : चेंडू अचूक मारणें, जोरानें मारणें, धांवणें, चेंडू अडविणें व लांबवर फेकणें. पिचरचा वेग, चेंडू वळविण्याची कला व नेम हे निराळे पाहतात. प्रत्येक गुणास २० पासून ८० पर्यंत आंकडा देण्याची त्यांची रीत आहे. ५० म्हणजे वरिष्ठ संघांतील सर्वसाधारण खेळाडूची योग्यता.

परंतु ह्या रीतींतील अत्यंत महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. पारखी प्रत्येक गुणास एक नव्हे, दोन आंकडे देतो. पहिला आजचा, दुसरा उद्याचा. सोळा वर्षांच्या मुलास एखाद्या गुणांत आज ३० व उद्यां ६० असा शेरा मिळूं शकतो. पहिला आंकडा यंत्र व घड्याळही सांगेल. दुसऱ्यासाठीं मात्र मुलाची हाडापेराची ठेवण, हात फिरण्यांतील सहजता, चूक झाल्यावर त्याची वागणूक, शिकविलेलें दुसऱ्या दिवशीं टिकतें कीं नाहीं, हें सर्व पुनःपुन्हा जाऊन पाहावें लागतें. आणि ज्या मुलांत पिचर व फलंदाज दोन्ही दडलेले आहेत, त्याच्यासाठीं हा दुसरा आंकडा दोनदां लिहावा लागतो. घाई झाली कीं पारखी आजचा मोठा आंकडा पाहून दुसऱ्या गुणावर काट मारतो.

अशी काट न मारतां काय घडलें, त्याचें उदाहरण जपानांत सांपडतें. शोहेइ ओहतानी ह्याचा जन्म १९९४ सालीं त्या देशाच्या उत्तरेकडील इवाते प्रांतांत झाला. वडील मोटारीच्या कारखान्यांत काम करीत व स्वतः बेसबॉल खेळलेले होते. आई बॅडमिंटनपटु होती. हानामाकी हिगाशी ह्या शाळेंत त्यास हिरोशी सासाकी हे शिक्षक लाभले. मुलगा उंच वाढत होता. वाढत्या वयांत हाडांच्या टोंकांशीं कोंवळी कूर्चा असते, आणि तिच्यावर अतिश्रमाचा भार पडला तर कायमची इजा होण्याचें भय असतें. म्हणून सासाकींनीं पहिल्या वर्षीं त्यास पिचरचें काम फारसें न देतां क्षेत्ररक्षणास ठेविलें व झोंप आणि आहार ह्यांकडे लक्ष देण्यास सांगितलें. दुसऱ्या वर्षीं कमरेच्या सांध्यास दुखापत झाली. तेव्हांही चेंडू फेकणें थांबवून फलंदाजी चालूं ठेवली.

त्या शाळेंत विद्यार्थ्यांकडून एक कोष्टक भरून घेत. त्याचीं घरें ८१. मध्यभागीं मोठें ध्येय, भोंवतीं त्याचीं आठ साधनें, आणि प्रत्येक साधनाच्या भोंवतीं रोज करावयाच्या आठ गोष्टी. ओहतानीनें आपल्या कोष्टकांत ताशी १६० किलोमीटर वेग हें एक साधन लिहिलें. दुसरें एक साधन त्यानें 'दैव' असें लिहिलें, आणि त्याच्याभोंवतीं काय घातलें ? पडलेला कचरा उचलणें, खोली झाडणें, भेटेल त्यास नमस्कार करणें, साहित्य जपून वापरणें, पंचांशीं नीट वागणें, पुस्तकें वाचणें. १६० चा वेग त्यानें २०१२ सालीं, शाळेंत असतांनाच, प्रत्यक्ष गांठला. त्या आंकड्याची वार्ता देशभर गेली. पण नुसता आंकडा पाहणारास हें कोष्टक दिसलें नसतें.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत त्यानें आपण थेट अमेरिकेस जाणार असें जाहीर केलें. तरीही निप्पॉन-हॅम फायटर्स ह्या जपानी संघानें त्याची निवड केली, व त्याच्यापुढें एक लेखी योजना ठेवली. पिचर आणि फलंदाज दोन्ही कामें तूं कर, असेंही त्यास सुचविलें. जुन्या जाणत्या खेळाडूंपैकीं अनेकांस ही कल्पना रुचली नाहीं. पहिल्या वर्षाचे आंकडेही साधारणच होते : ३ विजय व ३ होम रन. संघानें मात्र काम बेतानें वांटून दिलें व विश्रांतीचे दिवस राखले. २०१४ मध्यें त्यानें ११ विजय व १० होम रन मिळविले. दोहोंत दहाचा आंकडा एकाच हंगामांत गांठणारा जपानच्या धंदेवाईक खेळांतील तो पहिलाच. २०१६ मध्यें १० विजय, २२ होम रन, व संघास राष्ट्रीय अजिंक्यपद.

२०१८ च्या आरंभीं तो अमेरिकेस गेला, तेव्हां सरावाच्या सामन्यांत ३२ संधींत त्यास ४ च वेळां यश आलें. हा मुलगा येथें टिकावयाचा नाहीं, असें कित्येक पारखी बोलूं लागले. त्यानें पाय उचलून मारण्याची आपली संवय बदलली, आणि वर्षाअखेर उत्कृष्ट नवोदित खेळाडूचा मान मिळविला. पुढें मार्ग सरळ होता असेंही नाहीं. कोपरावर २०१८ मध्यें व पुन्हां २०२३ मध्यें शस्त्रक्रिया झाली. २०२० मध्यें तर पिचर म्हणून तो दोनच सामने खेळला. परंतु २०२१ मध्यें ४६ होम रन व ९ विजय मिळवून तो एकमतानें सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि तोच मान त्यास २०२३, २०२४ व २०२५ मध्यें पुन्हां मिळाला. ह्यांपैकीं २०२४ मध्यें हात बरा होईपर्यंत तो केवळ फलंदाज होता. एका गुणास विसांवा दिला, पण त्याचा त्याग केला नाहीं, हा भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

आतां आमची स्वतःची एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एक विद्यार्थी संस्कृतांत वर्गांत दुसरा येई, व शाळा सुटल्यावर सुतारकामाच्या वर्गांत रमे. सहामाहींत त्याचे गुण उतरले. आम्हीं त्याच्या वडिलांस बोलावून सुतारकाम बंद करण्याचा सल्ला दिला. वार्षिक परीक्षेंतही संस्कृताचे गुण वाढले नाहींत, आणि रंधा हातीं घेण्याची त्याची हौस मात्र गेली. मागाहून कळलें कीं, त्या सहामाहींत घरच्या अडचणीमुळें तो पहाटे उठून वर्तमानपत्रें टाकावयास जात होता. त्याची झोंप पुरी होत नव्हती. आम्हीं आजचा आंकडा पाहिला. मुलाची झोंप पाहिली नाहीं.

म्हणून पालकांस आमचें सांगणें इतकेंच. प्रत्येक मुलास दोन गोष्टी पेलतीलच असें नाहीं. कोणास पुढें एक निवडावीच लागेल, व रूथनें ती निवडून मोठी कीर्ति मिळविली. परंतु निवड करण्यापूर्वीं मूल नीट निजतें कां, जेवतें कां, दोन्ही कामांस निरनिराळे दिवस ठरवून देतां येतात कां, हें आधीं पाहावें. अमेरिकेंतील लिटल लीग ह्या मुलांच्या संघटनेनें २००७ पासून ११-१२ वर्षांच्या पिचरनें एका दिवसांत ८५ हून अधिक चेंडू टाकूं नयेत असा नियमच केला. आपल्या घरांतही असा नियम करतां येईल.

आणि विद्यार्थिमित्रहो, प्रगतिपुस्तकांत आम्ही एकच आंकडा लिहितों, तो आजचा. उद्यांचा आंकडा लिहिण्यास त्यांत रकानाच नाहीं. तो तुमच्या रोजच्या वागणुकींत लिहिला जातो. यंदापासून आम्हीं आमच्या वहींत प्रत्येकाच्या नांवापुढें एक दुसरा रकाना आंखला आहे. तो भरण्यास आम्हांस वर्षभर तुमच्याकडे पाहत राहावें लागेल. आणि तें आमचें कामच आहे.