मेल अडवण्याआधी

मेल गेटवेवर नियम लिहिणं हे माझं रोजचं काम. आत घुसलेला स्पॅम सगळ्यांना दिसतो, तक्रारही लगेच येते. चुकून अडलेली खरी मेल कुणालाच दिसत नाही. समोरच्याने उत्तरच दिलं नाही असं समजून माणूस गप्प बसतो. माझे सगळे नियम या गप्प बसलेल्या माणसासाठी आहेत.

१. नव्या नियमाला आधी नुसती नोंद करू द्या. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये ‘वॉर्न’ लिहिलं की मेल पुढे जाते, लॉगमध्ये ओळ उरते. मधे एक महिनाअखेर जाऊ द्या. बिलं आणि पगाराच्या स्लिपा तेव्हाच निघतात. लॉग वाचून मग ‘होल्ड’ (मेल रोखून ठेवणं), त्यानंतर ‘रिजेक्ट’.

२. ‘डिस्कार्ड’पासून लांब राहा. रिजेक्ट केलं तर पाठवणाऱ्याला कळतं, तो फोन तरी करतो. डिस्कार्डमध्ये त्याच्या सर्व्हरला ‘मिळाली’ असं सांगून आपण मेल नष्ट करतो. २००८ च्या आरएफसी ५३२१ या एसएमटीपी मानकानेही गुपचूप टाकून देण्याची मुभा मेल फसवी किंवा अन्यथा गैर असल्याची जवळपास खात्री असेल तेव्हापुरतीच ठेवली आहे. मात्र नकार दोन सर्व्हरचं एसएमटीपीचं बोलणं चालू असतानाच द्या. आधी स्वीकारून मागाहून परत पाठवलेली मेल खोट्या पत्त्याच्या खऱ्या मालकावर जाऊन आदळते.

३. मराठीतल्या विषयाच्या ओळीची (सब्जेक्टची) गोष्ट वेगळी, आणि इथे फार जण अडतात. ‘बक्षीस’ शब्दावर नियम लिहिला, पण तो कधी लागतच नाही. कारण देवनागरी विषय बहुधा बेस६४ मध्ये गुंडाळून येतो आणि पोस्टफिक्सचे हेडर चेक तो उलगडत नाहीत. मग काहीजण त्या गुंडाळलेल्या अक्षरांवरच नियम लिहितात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि बेस६४ तीन-तीन बाइटच घेतं, म्हणून चाचणीत जुळतंही. पण शब्दाआधी एक स्पेस आली की सगळे गट सरकतात आणि तोच शब्द निराळा दिसतो. असे नियम स्पॅमअसॅसिन या स्पॅम गाळणाऱ्या प्रोग्रामकडे सोपवा. तो विषय उलगडून मग तपासतो.

४. नियमातल्या शब्दाला सीमा घाला, म्हणजे तो सुटा असेल तेव्हाच जुळेल. ‘स्पेशालिस्ट’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘सियालिस’ हे औषध अख्खं बसलेलं आहे. सीमा नसेल तर डॉक्टरांच्या मेल अडतात.

५. पाकिटावरचा पत्ता एक, आतल्या कागदावरची सही दुसरी, तसं ईमेलचं असतं. एसपीएफ ही तपासणी पाकिटावरचा पत्ता पाहते. वाचणाऱ्याला दिसतो तो ‘फ्रॉम’, आणि तिथे कुणीही काहीही लिहू शकतं. या दोहोंची सांगड डीमार्क घालतो. म्हणून निव्वळ ‘फ्रॉम’ पाहून कुणालाही सूट देऊ नका, मोठ्या साहेबांनाही नाही. त्यांच्याच नावाने पैसे मागणाऱ्या मेल येतात. सूट द्यायचीच तर त्याच डोमेनची डीकेआयएम ही डिजिटल सही जुळल्यावर.

६. नियमाशेजारी कारण, तारीख आणि मागणाऱ्याचं नाव लिहा. हे नसेल तर पुढचा माणूस तो नियम काढायला धजत नाही, आणि मेल अडत राहतात.